वजा केलेला केस

माणसाच्या आत, त्याला न चिरता न कापता, बघता यावं ही मानवजातीची सगळ्यात जुनी आणि सगळ्यात उदात्त इच्छा आहे. हे वाक्य त्याचं स्वतःचं. आपलं जवळजवळ प्रत्येक व्याख्यान तो याच वाक्याने सुरू करत असे, आणि ते ऐकताना समोरची मानवजात बहुधा चहा कुठे मांडलाय ते बघत असे. आज मात्र, शनिवारी सकाळी, सलूनच्या खुर्चीत मान खाली घालून बसलेला असताना त्याला खरोखरच आतलं काहीतरी दिसलं. सगळ्या नोकरीत कधी दिसलं नव्हतं इतकं लख्ख दिसलं. दिसला तो एक केस.

नाक खाजलं एवढंच निमित्त. सलूनवाल्याने गळ्याभोवती कापड आवळलं की नाक खाजतंच, तो निसर्गनियम आहे. त्याने कापडाखालून डावा हात बाहेर काढला, नाक खाजवलं, आणि हात पुन्हा आत न घेता तसाच मांडीवर उताणा टाकला. मानेजवळ अजून थोडे काळे केस शिल्लक होते. त्यांतला एक कात्रीतून सुटला आणि तळहातावर येऊन पडला. अनामिकेच्या मुळाशी, तिरपा, एका टोकाला माशाच्या गळासारखा वळलेला. झटकायला म्हणून त्याने दुसरा हात उचलला, आणि तो हात तिथेच अडकला. ही तिरपी रेघ त्याच्या ओळखीची होती. हा गळही ओळखीचा होता. गेली दोन वर्षं तो ही आकृती बघत होता, लोकांना दाखवत होता, पडद्यावर लाल ठिपका तिच्यावरून फिरवून ‘इथे बघा’ म्हणत होता. फरक एवढाच, की तिथे ती केस नव्हती, एक काळी पोकळी होती. आणि तिला सगळेजण ताईची तुटलेली शीर म्हणत होते.

“काय साहेब, केस मोजताय?” सलूनवाला म्हणाला. “मोजा, मोजा. आता सोपं झालंय.”

तो काय काम करतो हे शेजाऱ्यांना कधी नीट कळलं नव्हतं, आणि त्यात शेजाऱ्यांची चूक नव्हती. इमारतीत त्याला काचवाले म्हणत. एकदा गच्चीवरच्या गप्पांत ‘आम्ही ऐकणारी काच बनवतो’ असं तो बोलून गेला होता. तेव्हापासून जिन्यातली खिडकी फुटली की लोक आधी त्याचं दार वाजवत. वास्तविक गोष्ट सोपी होती. अंगावर क्षणभर प्रखर प्रकाशाचा झोत टाकायचा. रक्त तो प्रकाश पितं, किंचित तापतं, किंचित फुगतं, आणि फुगताना एक बारीकसा आवाज करतं, कुणाच्याच कानाला न कळणारा. तो आवाज कातडीवर ठेवलेल्या सेन्सरने ऐकायचा आणि त्यावरून शिरांचं चित्र काढायचं. अडचण अशी, की हे ऐकणारे सेन्सर अपारदर्शक. कातडीवर ठेवले की प्रकाशाच्या वाटेत तेच उभे, सिनेमात पुढच्या खुर्चीवर नेमका उंच माणूस येऊन बसावा तसे. म्हणून त्याने पारदर्शक सेन्सर बनवला. स्फटिकाची पातळ चकती, दोन्ही अंगांना आरपार दिसेल असा, वीज वाहून नेणारा मुलामा. प्रकाश तिच्यातून खाली जातो, आवाज तिच्याकडेच वर येतो. पण जगात पूर्ण पारदर्शक असं काही नसतं, हे त्याचं दुसरं आवडतं वाक्य. मुलामा थोडा प्रकाश पितोच, आणि स्वतःच थोडं कुरकुरतो. म्हणजे या सेन्सरला, कुठल्याही व्याख्यात्याप्रमाणे, आधी स्वतःचंच ऐकू येतं. त्यावर उपाय म्हणजे कोरी फ्रेम. सेन्सरखाली हात न ठेवता, नुसतं पाणी ठेवून एक चित्र घ्यायचं. त्यात फक्त सेन्सरची कुरकुर येते. ते चित्र पुढच्या प्रत्येक चित्रातून वजा करायचं. उरेल तो माणूस.

आता केस. नवा सेन्सर तयार झाला की त्याच्याखाली आधी हात ठेवायचा नाही, केस ठेवायचा, ही अशा सगळ्या प्रयोगशाळांमधली रीत. काळा केस प्रकाश गटागटा पितो, शिवाय बारीक; तो स्वच्छ दिसला तर शीर दिसणारच. पांढरा केस कुचकामी. त्यामुळे या खोल्यांमध्ये वय वाढणं म्हणजे नुसतं वय वाढणं नसतं, साहित्यपुरवठ्यातून बाद होणं असतं. त्याच्या हाताखाली पीएचडी करणाऱ्या मुलीची चांगली लांब वेणी होती आणि ती केस द्यायला तयारही होती. पण सेन्सर पूर्णपणे स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या हातांनी घडवलेला पहिलाच होता. तो म्हणाला होता, “पहिला मान माझा.” आणि मानेजवळचा एक काळा केस त्याने मोठ्या समारंभाने उपटून दिला होता. चित्र अप्रतिम आलं. केसाचा गळासारखा वळलेला शेंडासुद्धा दिसला. टाळ्या झाल्या, कुणीतरी चहा मागवला, आणि चहाचा कप हातात धरूनच तो म्हणाला होता, “चला, आता कोरी फ्रेमही घेऊन टाका, काम संपवू.” पाण्यातून केस काढला होता का? खुर्चीत बसल्या बसल्या त्याने स्वतःला हा प्रश्न विचारला, आणि उत्तर त्याच्या तळहातावर पडलेलं होतं. कुणीच काढला नव्हता. ज्याने काढायचा तो टाळ्या घेत होता.

म्हणजे गेली दोन वर्षं त्यांच्या यंत्रातून जो जो हात गेला, त्या प्रत्येक हातातून त्याचा केस वजा होत आला होता.

“मान सरळ,” सलूनवाला म्हणाला. “आज तुमचं लक्ष नाही, साहेब. कान गेला तर मला बोलायचं नाही.”

त्याने मान सरळ केली. समोरच्या आरशात एक मध्यमवयीन, जरा सुजल्यासारखा चेहरा होता. कापडातून वर आलेला, धड नसलेला. कुणालाच कसं दिसलं नाही, असं त्या चेहऱ्याने विचारलं, आणि उत्तरही त्यानेच दिलं: दिसलं सगळ्यांना. प्रत्येकाचा पंजा लहानमोठा, प्रत्येकाचा यंत्राखालच्या हात ठेवायच्या साच्यात थोडा वेगळा बसायचा, म्हणून पोकळी कुणाच्या बोटावर यायची, कुणाच्या तळव्यावर. आणि प्रयोगशाळेत एका गोष्टीचा तुटवडा कधीच नसतो, ती म्हणजे स्पष्टीकरण. पीएचडीवाल्या मुलीच्या हातातली पोकळी ही कातडीची घडी ठरली. संचालकांच्या हातातली पोकळी ही अंगठीची जुनी खूण ठरली, आणि त्यावर संचालक हळवे होऊन आपल्या साखरपुड्याबद्दल बोलले. त्याच्या स्वतःच्या हातात ती दिसली तेव्हा तो ‘वय’ असं म्हणाला आणि स्वतःच हसला. वेणीवाल्या मुलीला सगळे शंकासुर म्हणत, कारण तिला सरळ उत्तर पचत नसे. तिने एकदा विचारलं होतं, “सर, प्रत्येकाच्या हातात काहीतरी तुटलेलं कसं दिसतं?” आणि तो म्हणाला होता, “बाई गं, प्रत्येकाच्या हातात काहीतरी तुटलेलं असतंच.” सगळे हसले होते. तीही हसली होती. वाक्य चांगलं होतं, ही त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट. चांगलं वाक्य मिळालं की माणूस विचार करायचं थांबवतो.

आणि ताईच्या हातातली पोकळी हा आजार ठरला.

ताईची बोटं थंडीत पांढरी पडायची. खडूसारखी पांढरी, मग निळसर, मग ऊब मिळाली की लालबुंद होऊन ठणकायची. हे तिला तरुणपणापासूनचं. तिचा त्रागा कधी नव्हता. उलट लहान भाच्यांना पांढरं बोट दाखवून ती भुतांच्या गोष्टी सांगायची. भाऊजी गेले त्या वर्षी मात्र ती गप्प गप्प झाली, आणि एक दिवस कुणाला न विचारता घराजवळच्या जलतरण तलावावर पोहणं शिकायला गेली. पंचावन्न उलटलेल्या बाईने. मुलगा म्हणाला, आई, लोक काय म्हणतील. सून म्हणाली, आई, सर्दी होईल. ताई म्हणाली, “सर्दी झाली तर नाक माझंच गळेल.” पाण्याबाहेर आल्यावर बोटं पांढरी पडायची, ती अंगाभोवती टॉवेल गुंडाळून बगलेत हात धरून बसायची, आणि तशीच हसत हसत घरी यायची. फोनवर त्याला सांगायची, “छोट्या, पाण्यात उताणं पडलं ना, की कानात आपलंच रक्त ऐकू येतं बघ. तुझ्या यंत्राची काय गरज?” ये एकदा बघायला, म्हणायची. तो येतो म्हणायचा. त्याला लहानपणापासून पाण्याची भीती, आणि तलावांना क्लोरीनचा वास येतो, आणि परिषदा असतात. कधी गेला नाही. तलाव नेमका कुठल्या बाजूला आहे हेही त्याला ठाऊक नव्हतं.

पाण्याची भीती म्हटलं की त्याला एकच गोष्ट आठवायची. तो लहान असताना डोक्यावरून पाणी घेताना बोंब मारायचा, म्हणून आंघोळ घालताना ताई एका हाताने त्याचे डोळे झाकायची. तिची बोटं तेव्हाही गार असायची. न्हाणीघराच्या खिडकीतून ऊन थेट तोंडावर यायचं, आणि तिच्या बोटांमधून, नुसत्या फटीतून नव्हे, बोटांच्या मांसातूनसुद्धा, लाल उजेड आत झिरपायचा. बाहेर पाणी ओतल्याचा आवाज आणि आत तो लाल उजेड. व्याख्यानांत लोक विचारत, ही कल्पना तुम्हाला कशी सुचली, तेव्हा तो एका परदेशी शोधनिबंधाचं नाव सांगत असे.

सेन्सर तयार झाल्याच्या आठवड्यातच त्याने ताईला हौसेने बोलावून घेतलं. नव्या यंत्राखाली पहिला घरचा हात तिचा. लेझरपासून बचावासाठी डोळ्यांवर काळा चष्मा चढवल्यावर ती म्हणाली, “छोट्या, फोटो काढ, मी नटी दिसतेय.” मग चित्र उमटत गेलं. पडद्यावर काळ्या अंधारात केशरी शिरा, फांद्या फुटाव्यात तशा फुटत गेल्या, आणि ताई चष्मा कपाळावर सरकवून बघत राहिली. “हे मी आहे?” म्हणाली. आणि तेव्हा त्याने अनामिकेच्या मुळाशी ती तिरपी काळी पोकळी बघितली, आणि त्याला आनंद झाला. हे आता, सलूनच्या खुर्चीत, त्याला टाळता येईना. काळजी नंतर वाटली. आधी आनंद झाला. पहिल्याच हातात आजार सापडला होता! यंत्र खरं ठरलं होतं! त्याने पेनाच्या टोकाने पडद्यावर दाखवलं आणि म्हणाला, “हे बघ, इथे तुटलंय.” एकच वाक्य. डॉक्टरांना दाखव, असंही म्हणाला, कारण तो जबाबदार माणूस होता. डॉक्टरांनी चित्र उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाले, असलं चित्र मी कधी पाहिलं नाही, पण तुमचे भाऊ एवढे शास्त्रज्ञ आहेत, ते म्हणतात तर असणार. म्हणजे त्याने डॉक्टरांवर सोडलं, डॉक्टरांनी त्याच्यावर सोडलं, आणि मधे ताई होती. “थंड पाणी टाळ,” तो फोनवर म्हणाला, “पोहणं तर बंदच.” मग ती म्हणाली, “बरं.” तिने आयुष्यात त्याचं काहीच ऐकलं नव्हतं, कपाळावर केस कसे विंचरायचे तेसुद्धा. हे मात्र ऐकलं, कारण त्याने आतून बघितलं होतं.

“झालं, साहेब,” सलूनवाल्याने मागे आरसा धरला. “मागचं बघून घ्या.”

मागचं त्याने बघितलं. मग तळहातावरचा केस खिशातल्या पावतीत घडी घालून ठेवला. सलूनवाल्याने एवढ्या वर्षांत बरंच पाहिलं असावं, तो फक्त म्हणाला, “जपून न्या. परत येणारा नाही तो.”

शनिवारी प्रयोगशाळेत शंकासुर एकटीच होती. तिला बघून त्याला बरं वाटलं आणि वाटू नये असंही वाटलं. त्याने कोट न काढताच संगणक सुरू केला आणि कोरी फ्रेम उघडली. ही फ्रेम रोज वापरली जायची, हजारदा वजा व्हायची, पण उघडून तिच्याकडे कुणी बघत नसे. कोऱ्या कागदाकडे काय बघायचं? पडदा राखाडी होता. पाणी. त्याने उजेड वाढवत नेला. राखाडीतून हळूहळू, पहाटे खिडकीचे गज दिसू लागावेत तशी, एक तिरपी पांढरी रेघ वर आली. एका टोकाला गळ.

मुलगी मागे येऊन उभी राहिली होती.

“सर,” ती म्हणाली, “हा कुणाचा?”

“माझा.”

“म्हणजे मी तेव्हा विचारलं होतं, की प्रत्येकाच्या...”

“हो.”

“आणि तुम्ही ते वाक्य...”

“हो गं बाई, हो.”

ती खुर्ची ओढून बसली. तिच्या प्रबंधाची तीन प्रकरणं या चित्रांवर उभी होती, तरी तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एक विचित्र, दबलेलं समाधान होतं, आणि ते लपवायची तिची धडपड त्याला दिसत होती. “चित्रं दुरुस्त होतील सर,” ती म्हणाली. “मूळ माहिती सगळी आहे. नवी कोरी फ्रेम घ्यायची आणि सगळ्यांतून परत वजा करायचं. सोमवारपर्यंत होऊन जाईल. चित्रं छापली त्या मासिकाला दुरुस्ती कळवू. लोक हसतील, पण होईल.” तिने एका हाताचं चित्र तिथल्या तिथे दुरुस्त करून दाखवलं. कुठल्या हाताने सुरुवात करावी हे तिला सांगावं लागलं नाही. ताईचा पंजा पडद्यावर आला; खालून केसाचं जुनं वजाबाकीचं पाप काढून टाकल्यावर अनामिकेच्या मुळाशी शीर सलग होती. जाड, निरोगी, जराशी वळणदार. ती कधीच तुटली नव्हती. चित्राच्या दृष्टीने आधीचं जास्त सुंदर होतं, हा विचार त्याच्या मनात आला, आणि आपल्याला असले विचार कुठून येतात याची त्याला किळस आली.

चित्र सोमवारपर्यंत दुरुस्त होणार होतं. ताईच्या पोहण्याच्या दोन वर्षांच्या सकाळी कशातून परत काढायच्या? तो गाडीत बसून राहिला. स्टिअरिंगवर त्याचे स्वतःचे पंजे होते, आणि पहिल्यांदाच त्याला त्यांच्यात काही दिसत नव्हतं, फक्त पंजे. आपण तिला ओरडून सांगितलं असतं तर तिने ऐकलं नसतं. विनवलं असतं तर चेष्टा केली असती. आपण चित्र दाखवलं. माणूस चित्रापुढे हरतो. स्वतःच्या आतल्या चित्रापुढे तर त्याला उभंही राहता येत नाही. तिला दुखत नव्हतं, तिला मजा येत होती, तिच्या कानात तिचं रक्त व्यवस्थित वाजत होतं, आणि तिने त्या सगळ्यापेक्षा एका केसावर विश्वास ठेवला. केसावर नव्हे. त्याच्यावर.

बायकोला त्याने फोनवर सगळं सांगितलं. ती मधे एकदाही बोलली नाही, ते वाईट लक्षण होतं.

“मग आता कुठे आहात?”

“गाडीत. विचार करतोय, ताईला कसं सांगावं. एकदम सांगितलं तर धक्का बसेल. आधी नव्या चित्राचा नीट प्रिंट घेतो, मग पुढच्या आठवड्यात...”

“अहो, आधी सांगा, मग पश्चात्ताप करा. तुमचं नेहमी उलटं असतं.”

“तुला नाही कळायचं. माझ्यामुळे...”

“तुमच्यामुळे, तुमच्यामुळे. त्यातही तुम्हीच. जा आधी.” आणि फोन ठेवला.

ताईकडे तो एरवी टॅक्सीने जायचा, कारण तिच्या भागात गाडी लावणं म्हणजे युद्ध. आज इमारतीच्या मागच्या बाजूला चक्क मोकळी, नवी फरसबंद जागा मिळाली. शकुनबिकुन तो मानत नसे, तरी त्याला जरा धीर आला. दार सुनेने उघडलं. “मामा, तुम्ही? न कळवता?” ती म्हणाली, आणि आत वळून, “आई, मामा आलेत. तुम्ही भांड्यांना हात लावू नका हं, ते ओरडतील.” ताई खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती. वजन वाढलं होतं तिचं. कधी वाढलं? मागच्या वेळी बघितलं तेव्हा तो दुसऱ्याच कशाबद्दल तरी बोलत होता. फ्रीजच्या दारावर, तीन चुंबकांनी लावलेलं, प्लास्टिकमध्ये मढवलेलं तिच्या पंजाचं केशरी चित्र होतं. येईल त्याला ती ते दाखवायची, हे त्याला माहीत होतं. ‘माझ्या भावाने काढलंय. हे बघा, इथे तुटलंय.’ त्या चित्रामुळे घरात गरम पाण्याचा नळ आला होता, लोकरीचे हातमोजे आले होते, सून तिला कपसुद्धा विसळू देत नव्हती. सगळं घर त्या केसाभोवती मांडलेलं होतं.

“काय रे, चेहरा असा का?” ताई म्हणाली. “केस कापलेत म्हणून?”

“ताई, ती शीर तुटलेली नाहीये.”

“जुळली?” ती एकदम पुढे झाली. “अरे वा. मी म्हणतच होते सुनेला, हल्ली बोट हलकं वाटतंय.”

“जुळली नाही. ती तुटलीच नव्हती. कधीच नव्हती. यंत्रात एक केस राहिला होता. तो वजा झाला. तेवढंच ते. काळं दिसलं ते.”

ताईने थोडा विचार केला. “कुणाचा केस?”

“माझा.”

तिने त्याच्या डोक्याकडे बघितलं. “एवढे थोडे, आणि तेही नीट सांभाळता येत नाहीत तुला.”

ती हसली, आणि तो हसण्याच्या तयारीत असतानाच थांबली. उजव्या हाताने डाव्या अनामिकेचं मूळ चाचपून बघू लागली. सावकाश, एखाद्या परक्या माणसाची नाडी बघावी तसं. आतून भांड्यांचा आवाज येत होता. “हळू बोल,” ती म्हणाली. “ती बिचारी गेली दोन वर्षं माझी भांडी घासतेय.” मग म्हणाली, “पण पांढरी तर पडतात बोटं.”

“ती पडणारच. त्याने काही तुटत नाही. ऊब दिली की झालं. तू करायचीस ना, बगलेत धरून, तेच बरोबर होतं.”

“म्हणजे मी पोहू शकले असते.”

“हो.”

“सगळे दिवस.”

त्याने नुसती मान हलवली. तिने रागवावं असं त्याला फार वाटलं. लहानपणी रागावली की ती त्याचा कान पिळायची आणि मग हिशेब मिटायचा. आता ती खिडकीतून बाहेर बघत होती आणि तिचे दोन्ही हात मांडीवर उताणे पडले होते, यंत्रात ठेवायचे तसे. तिने ते तसे का ठेवले, हे तिलाही कळलं नसावं.

“ताई, ऐक. उद्या सकाळी जाऊ. मी येतो. मी काठावर बसतो, टॉवेल धरतो. वाटलं तर, वाटलं तर मी पाण्यातसुद्धा उतरतो. खरंच. किती वाजता उघडतो तलाव?”

ताईने मान वळवून त्याच्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, आणि तेच त्याला सहन होईना.

“तुला कसं माहीत असणार,” ती म्हणाली. “मागच्या वर्षी आल्या होत्या आमच्या सकाळच्या बायका. तलाव बंद करणार म्हणत होते, पोहणारे कमी झाले म्हणून. त्या सह्या गोळा करत होत्या. मला म्हणाल्या, तुम्ही सगळ्यांत जास्त यायचात, तुम्ही पहिली सही करा, तुमच्यामागून बाकीच्या करतील. मी म्हटलं, मी आता पोहत नाही, माझी शीर तुटलीय, मी खोटी सही कशाला करू? चित्र दाखवलं त्यांना. त्यांनाही पटलं.”

“मग?”

“मग काय मग. थोड्या सह्या कमी पडल्या म्हणे.”

सुनेने चहा आणून ठेवला आणि ताईच्या कपाखाली दुमडलेला रुमाल ठेवला, हात पोळू नये म्हणून. ताईने तो बाजूला केला. मग खिडकीकडे हनुवटीने खूण केली. तो उठून खिडकीशी गेला. खाली फरसबंद मोकळी जागा होती, कडेला जुनी निळी फरशी अजून काही ठिकाणी दिसत होती. त्याची गाडी तिच्या पलीकडच्या टोकाला, जिथे पूर्वी दहा फूट पाणी होतं तिथे, दोन पांढऱ्या पट्ट्यांच्या बरोबर मधोमध लावलेली होती.